व्यसनमुक्तीची गोळी : बाह्यरुग्ण विभागातील उपचारांविषयी

या अहवालातील जमाखर्चात औषधखरेदीच्या शीर्षकाखाली ‘ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन’ ही बाब आपल्या दृष्टीस पडेल. गर्द, अफू किंवा अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेल्यांना आपल्या बाह्यरुग्ण विभागात हे औषध दिले जाते. ते स्वतःही अफूवर्गातलेच असल्याने, एका व्यसनाच्या जागी दुसरे देण्यासाठी न्यासाचा पैसा का खर्चावा, अशी पृच्छा काही हितचिंतकांनी केली. पृच्छा रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तेव्हा वैद्यकीय बाजू आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून समजून घेऊन हा खुलासा करीत आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते. त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचारांची गरज होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्रही आहे. इतक्यांसाठी खाटा कोठून आणाव्यात?

गर्द मेंदूवर पूर्ण जोराने परिणाम करते व काही तासांतच ओसरते. मग तळमळ सुरू होते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील त्याच जागा घट्ट धरून ठेवते, पण काम अर्धवटच करते. ठरावीक मर्यादेपुढे मात्रा वाढवूनही त्याचा परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे श्वास मंदावून मृत्यू येण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. योग्य मात्रा बसली की रुग्णाला नशा येत नाही आणि तळमळही राहत नाही. तो कामावर जाऊ शकतो. सोबतचे नॅलोक्सोन जिभेखाली जवळजवळ निष्क्रिय असते. मात्र कोणी गोळी विरघळवून टोचून घेतली, तर ते त्रास उत्पन्न करते. गैरवापर टाळण्यासाठीच ही जोडी.

सर्वांत नाजूक असतो तो पहिला दिवस. रुग्णाने शेवटची मात्रा घेतल्यावर, गर्दच्या बाबतीत साधारणतः १२ तास तरी उलटलेले असावे लागतात आणि व्यसनींच्या भाषेत ज्याला ‘टर्की’ म्हणतात, ती लक्षणे दिसू लागलेली असावी लागतात : जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घाम, पोटात कळा. तत्पूर्वी गोळी दिल्यास ती शरीरातील गर्दला एकदम बाजूला सारते आणि तीच टर्की कित्येक पटींनी अंगावर येते. असा अनुभव आलेला रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. मुलाचे हाल पाहवत नाहीत म्हणून आई सकाळी त्याच्या हातावर पैसे ठेवते. ममता समजण्यासारखी आहे, परंतु तेवढ्याने तो दिवस वाया जातो. लक्षणे तपासून डॉक्टर अल्प मात्रा देतात, रुग्णास तास-दोन तास समोर बसवून ठेवतात व गरजेनुसार मात्रा वाढवतात. पुरेशी मात्रा ठरण्यास काही दिवस लागतात.

“हे किती दिवस घ्यायचे?” हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. उत्तर पुष्कळदा महिन्यांत नव्हे, वर्षांत द्यावे लागते. नुसते शरीर ‘स्वच्छ’ करून घरी पाठवल्यास बहुतेकांचे व्यसन परतते. शिवाय मध्यंतरी सहनशक्ती कमी झाल्याने पूर्वीचीच मात्रा जिवावर बेतते. मधुमेहाची गोळी आयुष्यभर घेणाऱ्यास आपण गोळ्यांचा व्यसनी म्हणत नाही.

निवासी उपचारांचे मोल यामुळे कमी होत नाही. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणचे कार्य आपण जाणताच. परंतु रोजंदारीवरील माणसास महिनाभर घर सोडणे परवडत नाही. पंजाब सरकारने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून हेच औषध देण्यास प्रारंभ केला. खाट अडत नाही, रुग्णाची मजुरी बुडत नाही. हिशेबाच्या दृष्टीनेही मला हे पटले.

पहिल्या भेटीस येताना कुटुंबीयांनी रुग्णाच्या चालू असलेल्या सर्व औषधांची माहिती आणावी. मद्य व झोपेच्या गोळ्यांसोबत हे औषध घातक ठरू शकते, म्हणून त्यांचा उल्लेख लपवू नये. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यावी, गिळू नये. घरी दिलेल्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवाव्यात.