मोडीतून स्मारकाकडे : निवृत्त रणयंत्रांचे जतन

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग आणि पूर्णगड हे किल्ले आजही मराठ्यांच्या सागरी सामर्थ्याची साक्ष देत उभे आहेत. परंतु ज्या गुराबांनी आणि गलबतांनी या किल्ल्यांना अर्थ दिला, त्यांपैकी एकही नौका आज पाहावयास मिळत नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे वर्णन ग्रंथांतून वाचता येते, चित्रांवरून त्याची कल्पना करता येते. पण त्या नौकांची फळी न फळी काळाच्या उदरात गडप झाली आहे.

त्यामागील घटना प्रसिद्ध आहे. १७५५ मध्ये हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रज आरमाराने विजयदुर्गावर चढाई केली. आंग्रे यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकून घेतलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती पसरत जाऊन बंदरातील संपूर्ण आरमार भस्मसात झाले. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. तेथून जवळच खाडीच्या काठी खडकात खोदलेली गोदी अद्याप दिसते. नौका बांधण्याची जागा शिल्लक राहिली आणि नौका मात्र नाहीशा झाल्या, अशी कोकणची स्थिती आहे.

तो विनाश युद्धाने केला. अलीकडच्या काळातील रणगाडे, विमाने व युद्धनौका यांच्यावर मात्र शांततेच्या काळात, निव्वळ देखभालीअभावी तीच पाळी येऊ शकते. म्हणूनच सेवेतून निवृत्त झालेली लष्करी यंत्रे मिळविणे, त्यांची डागडुजी करणे आणि ती पुढील पिढ्यांसाठी सांभाळणे हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा राहिलेला नाही.

'विक्रांत'चा धडा

या संदर्भात महाराष्ट्राला सर्वांत जवळचा अनुभव आहे तो विमानवाहू नौका 'विक्रांत'चा. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने ही नौका पाण्यात उतरविण्यात आली होती. १९५७ मध्ये भारताने ती अपूर्णावस्थेत विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' या नावाने ती भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील सी हॉक आणि आलिझे विमानांनी बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार, चितगाव आदी ठिकाणी हल्ले केले.

३१ जानेवारी १९९७ रोजी ही नौका सेवानिवृत्त झाली. त्यानंतर मुंबईत तिच्यावर संग्रहालय उभारण्यात आले आणि असंख्य नागरिकांनी, विशेषतः शालेय विद्यार्थ्यांनी, तिला भेट दिली. परंतु नौकेचा सांगाडा सदैव समुद्राच्या पाण्यात होता. तळाचा पत्रा झिजत गेला आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. २०१२ मध्ये संग्रहालय बंद करण्यात आले. एवढा भार पेलणे शक्य नसल्याचे राज्य शासनाने स्पष्ट केले. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर नौका मोडण्याचे काम सुरू झाले. तिच्या धातूचा काही अंश मुंबईतील एका स्मारकशिल्पात वापरण्यात आला आहे.

या घटनेची दुसरी बाजू गोव्यात पाहावयास मिळते. दाबोळीजवळ बोगमाळो येथे १९९८ मध्ये नौदल विमानसंग्रहालय सुरू झाले. ज्या जातीची विमाने 'विक्रांत'च्या धावपट्टीवरून उड्डाण करीत, ती सी हॉक व आलिझे तेथे आहेत. सी हॅरिअर आणि सागरी टेहळणीसाठी वापरले गेलेले सुपर कॉन्स्टेलेशन हे अवाढव्य विमानही तेथे ठेवलेले आहे. नौका गेली, विमाने राहिली. वीस हजार टनांच्या आसपास वजनाची नौका पाण्यात सांभाळणे आणि काही टनांचे विमान जमिनीवर सांभाळणे यांतील अंतर हेच त्याचे मुख्य कारण होय. कोणती वस्तू जतनासाठी स्वीकारावी हे ठरविताना तिच्या इतिहासाइतकाच तिचा आकार आणि तिची जागा यांचाही विचार करावा लागतो, असा याचा अर्थ आहे.

रणगाड्यांचा संग्रह

जतनाचे यशस्वी उदाहरण अहमदनगर, म्हणजेच आताच्या अहिल्यानगर, येथे आहे. तेथील चिलखती दल केंद्राच्या वतीने १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय स्थापन झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील रोल्स-रॉईस चिलखती मोटारीपासून माटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल, शेरमन हे दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन आणि भारतात आवडी येथे तयार झालेला विजयंता येथपर्यंतचा प्रवास तेथे एका आवारात पाहता येतो.

यंत्राबरोबर माणसाची कथा जपली गेली तर त्या यंत्राचे मोल किती वाढते, हे सेंच्युरियन जातीच्या 'फामागुस्ता' या रणगाड्यावरून दिसून येते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे १९७१ च्या युद्धात या रणगाड्याचे नेतृत्व करीत होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागली. मागे येण्याचा आदेश मिळाला असताही, तोफ चालू आहे तोवर आपण हटणार नाही, असे त्यांनी कळविले आणि लढता लढता त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. तो रणगाडा दुरुस्त करून अहिल्यानगर येथेच जतन करण्यात आला आहे. मोडीच्या भावाने त्याची किंमत काही टन पोलादाएवढीच झाली असती.

'परशुराम'चे पुनरुज्जीवन

चिपळूणजवळील परशुराम क्षेत्रामुळे आणि 'परशुरामभूमी' या नावामुळे कोकणवासीयांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण हवाई दलाकडे आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरले आणि काश्मीरचे रक्षण होऊ शकले. त्या कामगिरीची आठवण म्हणून एक जुने डाकोटा विमान २०११ मध्ये मोडीतून विकत घेण्यात आले. ब्रिटनमध्ये त्याची संपूर्ण दुरुस्ती झाली. राजीव चंद्रशेखर यांनी हे विमान हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. 'परशुराम' असे नाव धारण करून हे विमान स्वतःच्या पंखांवर भारतात आले आणि मे २०१८ मध्ये हिंडन येथे हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात दाखल झाले.

अशा कामाची परंपरा आपल्या देशात नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूर येथे निकामी करून सोडून दिलेली अमेरिकन बनावटीची लिबरेटर बाँबफेकी विमाने बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने उड्डाणयोग्य केली. ती १९६८ पर्यंत हवाई दलाच्या सेवेत होती. त्यांपैकी काही विमाने पुढे ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथील संग्रहालयांनी आदराने स्वीकारली.

खारा वारा आणि धातू

कोकणात एखाद्या रणयंत्राचे जतन करावयाचे झाल्यास पहिला सामना हवामानाशी असतो. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांत वाऱ्याबरोबर समुद्राचे क्षार येत असतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर ओलसर खारट थर राहतो आणि पोलादाला गंज चढतो. रणगाड्याचे चिलखत जाड असल्याने तो काही काळ टिकतो. पण साखळीपट्ट्यांचे सांधे, झाकणांच्या बिजागऱ्या आणि इंजिनाचा कप्पा आतून कुजू लागतात.

विमानाचे दुखणे वेगळे असते. त्याचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि अनेक बोल्ट पोलादाचे असतात. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असताना मध्ये खारे पाणी आले की त्यांच्यात विद्युत्‌घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यांपैकी एक धातू झपाट्याने झिजतो. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आतील पत्रा पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो. उन्हाने वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक आच्छादन पिवळे पडून तडकते. विमानाचे वजन कायम चाकांवर राहिल्यास रबर फाटते. म्हणून ते टेकूवर उचलून ठेवावे लागते.

यावरील उपाय फार गुंतागुंतीचे नाहीत. मात्र त्यांत खंड पडून चालत नाही. वर छप्पर असणे, पावसाचे पाणी कोठेही साचू न देणे, तळाशी निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे, गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, गंज खरवडून जस्तयुक्त अस्तर देणे आणि त्यावर रंग चढविणे हा क्रम वर्षानुवर्षे पाळावा लागतो. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून शाकारणाऱ्या कोकणातील मच्छीमाराला हे वेगळे सांगावयास नको. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी तोफेच्या बाबतीत तर अधिक दक्षता लागते. ती तशीच उन्हात वाळविली तर आत मुरलेल्या क्षारांमुळे तिचे कपचे उडतात. तज्ज्ञांचा सल्ला मिळेपर्यंत ती पाण्यातच ठेवणे इष्ट असते.

डागडुजी सुरू करण्यापूर्वी नोंद करणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. यंत्रावरील क्रमांकपट्टी, रंगाचे एकावर एक चढलेले थर, पलटणीची चिन्हे, लढाईत पडलेले वण यांची छायाचित्रे व टिपणे आधी घ्यावी लागतात. उत्साहाच्या भरात सर्व काही घासून नवा रंग दिला की यंत्र सुंदर दिसते, पण त्याचा इतिहास पुसला जातो. सुरक्षिततेची काळजीही आवश्यक आहे. स्फोटके, इंधन व वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील काडतुसे अधिकृत यंत्रणेने काढून टाकलेली असावीत. जुन्या उपकरणांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा लेप असू शकतो. त्या उघडू नयेत.

भंगार आणि पुरावस्तू यांच्यामध्ये

कायद्याच्या दृष्टीनेही ही यंत्रे अडनिड्या वयाची आहेत. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार सामान्यतः १०० वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरते. १९६५ किंवा १९७१ च्या युद्धातील रणगाडा त्या मर्यादेपासून अद्याप दूर आहे. सेवेतून निवृत्त झाल्यापासून शंभरी गाठेपर्यंतच्या मधल्या काळात तो हिशेबाच्या वहीत केवळ भंगार असतो. बहुसंख्य यंत्रे याच काळात नष्ट होतात.

खासगी संग्राहकांच्या दृष्टीने एक स्वागतार्ह पाऊल २०२१ मध्ये पडले. केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीप गाड्या अनेकांनी हौसेने सांभाळल्या आहेत. अशा गाड्यांना प्रदर्शने व फेऱ्या यांपुरते रस्त्यावर येण्यास या नोंदणीमुळे मार्ग मिळाला. व्यवसायासाठी मात्र त्या वापरता येत नाहीत.

निवृत्त नौकांचा आणखी एक उपयोग कोकणात पुढे आला आहे. १९८५ मध्ये नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती जवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभिंत निर्माण करण्याची योजना राज्याने हाती घेतली. त्यासाठी २०२५ मध्ये नौका पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आली. यात यंत्राचे जतन होत नाही, तर त्याला वेगळे आयुष्य मिळते, हा फरक ध्यानी घ्यावयास हवा.

आधी व्यवस्था, मग स्मारक

गावाच्या चौकात एखादा रणगाडा किंवा विमान असावे अशी इच्छा अनेक ठिकाणी व्यक्त होते आणि ती योग्यच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सैनिकी परंपरा जुनी आहे. 'कॅम्प दापोली' हे नाव त्याची आजही आठवण देते. परंतु समारंभाने स्वीकारलेले यंत्र पाच पावसाळ्यांनंतर गंजून विद्रूप झाले तर तो वीरांचा सन्मान ठरत नाही. म्हणून यंत्राची मागणी करण्यापूर्वी छपराची जागा, दरवर्षीच्या रंगरंगोटीची तरतूद आणि देखरेखीची जबाबदारी ही तीन कामे निश्चित व्हावयास हवीत. लष्करात यंत्रदुरुस्तीचे काम केलेले निवृत्त कारागीर गावोगावी असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली अशा कामाचा अनुभव देता येईल. त्या यंत्रावर सेवा केलेल्या जवानांच्या आठवणी टिपून ठेवल्यास स्मारकाला वाचा फुटेल.

आंग्रे यांच्या आरमारातील एखादी गुराब आज रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असती तर तिचे मोल करता आले नसते. ज्या यंत्रांनी स्वतंत्र भारताचे रक्षण केले, त्यांच्याविषयी दोनशे वर्षांनी असेच म्हणण्याची वेळ येऊ नये. त्यासाठीची काळजी आज, ती यंत्रे भंगार समजली जात असतानाच, घेणे आवश्यक आहे.