जठरातील जंतू आणि नवी आम्लरोधक औषधे

पोटात जळजळ होऊ लागली, की दुकानातून एखादी गोळी आणून घ्यावयाची, असा अनेकांचा परिपाठ आहे. गोळीने तात्पुरता आराम पडतो. परंतु जठरव्रणाचे मूळ पुष्कळदा तसेच राहते. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाचा जिवाणू हे त्याचे एक प्रमुख मूळ होय.

जठरातील तीव्र आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरेन व डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. या संशोधनास २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले. जठराच्या कर्करोगाशीही या जंतूचा संबंध सिद्ध झाला आहे.

जंतू मारण्याचे काम प्रतिजैविके करतात. मग आम्लरोधक औषध कशासाठी? तीव्र आम्लात या जिवाणूची वाढ मंदावते. आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे औषध तर वाढणाऱ्या जिवाणूंवरच प्रभावी ठरते. आम्ल घटले, की जिवाणू वाढू लागतात व औषधाच्या माऱ्यात सापडतात.

ओमेप्राझोलसारखी आधीची औषधे जेवणापूर्वी घ्यावी लागतात व त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. जपानमध्ये २०१४ साली मान्यता मिळालेले व्होनोप्राझान हे औषध मात्र पहिल्या दिवसापासूनच आम्लास प्रभावीपणे आवर घालते. आम्ल स्रवणाऱ्या यंत्रणेस पोटॅशियमची गरज असते. हे औषध पोटॅशियमची वाटच अडविते. जपानमधील एका चाचणीत दोन प्रतिजैविकांसह हे औषध दिलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले. जुन्या प्रकारचे औषध दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते.

तथापि, नवे औषध हा प्रतिजैविकांना पर्याय नव्हे. बरे वाटताच उपचार अर्धवट सोडल्यास जंतू शिल्लक राहतात व औषधांना दाद देईनासे होतात. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करणे आवश्यक असते. तीपूर्वी दोन आठवडे आम्लरोधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवावे लागते. अन्यथा जंतू असूनही तो नसल्याचे दिसू शकते.

जुनाट पोटदुखी अंगावर काढू नये आणि सुरू केलेला उपचार अर्ध्यावर सोडू नये, ही गोष्ट शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांच्या मनावर बिंबविल्यास अनेकांचे कष्ट टळतील.