मुदतवाढीचे दिवस

आमच्या कोपरगावात कर्करोगाला त्याच्या नावाने सहसा कोणी हाक मारीत नाही. "त्यांना मोठा आजार झालाय," असे दबक्या आवाजात सांगितले जाते आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. आजार घशाचा किंवा छातीचा असला तर निदान अवयवाचे नाव तरी घेता येते. माझा आजार मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाचा, गुदाशयाचा. चारचौघांत ज्या जागेचा उच्चार करायचा नाही, नेमक्या त्या जागेचा. २०१९ पासून मी त्याच्या संगतीत राहतो आहे. दोनदा तो गेला असे वाटले आणि दोन्ही वेळा परतला. २०२२ मध्ये यकृतात दिसला, २०२४ मध्ये फुप्फुसात. डॉक्टर मंडळी याला चौथी अवस्था म्हणतात. पाचवी त्यांच्या पुस्तकात नाही.

नोकरी मी बँकेत केली आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत माणसाच्या उद्याचा अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे असेल, पण भेटायला येणारे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात, "साहेब, एवढे होऊन तुम्ही आशा कुठून आणता?" त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडे कामाचे सांगतो. आपल्याकडे शौचातून रक्त गेले की निदान ठरलेले असते : मूळव्याध. नगर-मनमाड रस्त्याने जाताना 'मूळव्याध, भगंदर, बिनटाक्याचा इलाज' अशा पाट्या मोजायला घेतल्या तर मोजदाद चुकेल. बहुतेकांना मूळव्याधच असते, हेही खरे. परंतु काहींना नसते आणि तपासल्याशिवाय ते कळत नाही. निवृत्तीनंतरच्या रक्ततपासणीत माझे हिमोग्लोबिन नऊवर आलेले दिसले. आमच्या डॉक्टरांनी नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या नाहीत. "या वयाच्या पुरुषाचे रक्त कमी होते म्हणजे ते कुठून तरी जाते," असे म्हणून त्यांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायला लावली. गाठ सापडली ती अशी.

या आजाराचा स्वभाव कळला तर भीती थोडी आवाक्यात येते. बहुतेक वेळा त्याची सुरुवात आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणाऱ्या मोडासारख्या लहान गाठीपासून होते. तिला पॉलिप म्हणतात. तिचा कर्करोग होण्यास साधारण दहा वर्षे लागतात. तेवढ्या काळात दुर्बिणीतून ती दिसली तर तिथल्या तिथे काढून टाकता येते आणि पुढचे रामायण टळते. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ जुलै १९८५ मध्ये काढली. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर ते जवळजवळ एकोणीस वर्षे जगले आणि २००४ मध्ये गेले तेही या आजाराने नव्हे. उलट ज्यांच्या पायात जादू होती त्या पेले यांच्या आतड्यातली गाठ सप्टेंबर २०२१ मध्ये काढली आणि २९ डिसेंबर २०२२ ला ते गेले. एकच आजार, पण तो कोणत्या टप्प्यावर सापडतो यावर सारे अवलंबून.

आई, वडील किंवा भावंड यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल तर घरातल्या इतरांनी चाळिशीत, किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. माझा मुलगा तेव्हा अडतीस वर्षांचा होता. चाळिशीची वाट न पाहता मी त्याला पाठवले. त्याच्या आतड्यात दोन पॉलिप निघाले आणि अर्ध्या तासात काढलेही गेले. संध्याकाळी तो घरी येऊन वरणभात जेवला. त्या रात्री मला जी शांत झोप लागली तशी निदान झाल्यापासून लागली नव्हती. माझ्या आशेच्या जमाखर्चात पहिली जमा ही आहे.

आता आकड्यांविषयी. यकृतात आजार दिसल्यावर कोणीतरी हितचिंतकाने एक आकडा ऐकवला. असे रुग्ण 'साधारण' इतके महिने जगतात. हा 'साधारण' शब्द फार फसवा आहे. हार्वर्ड विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना जुलै १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्यांनी ग्रंथालयात जाऊन वाचले तेव्हा छापलेले होते की, निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. सामान्य माणूस याचा अर्थ 'मी आठ महिन्यांत मरणार' असा घेईल. गूल्ड यांचा आकडेवारीशी रोजचा संबंध. त्यांनी अर्थ घेतला तो असा : निम्मे रुग्ण आठ महिन्यांपेक्षा अधिक जगतात, आणि ते किती अधिक जगतात त्याला तशी वरची मर्यादा नाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर नऊ रुग्ण त्यांच्या आयुष्याच्या क्रमाने रांगेत उभे करा. मधल्या, म्हणजे पाचव्या माणसाचे जे महिने तो मध्यक. त्याच्या अलीकडे चार जण आहेत, ते सारे शून्य ते आठ महिन्यांच्या चिंचोळ्या जागेत दाटीने उभे. पलीकडे चार जण आहेत, आणि त्यांतला शेवटचा कुठवर चालत गेला आहे हे त्या एका आकड्यातून दिसतच नाही. गूल्ड असेच पुढे चालत गेले. १९८५ मध्ये त्यांनी या विषयावर एक निबंध लिहिला. तो जगभरच्या रुग्णांनी वाचला. २००२ मध्ये ते वारले. मधे वीस वर्षे गेली होती आणि मृत्यूचे कारण वेगळाच कर्करोग होता.

इथे बँकेतल्या माणसाने एक इशारा द्यायला हवा. रांगेच्या त्या टोकाला थोडेच लोक असतात. आपण तिथे असूच, अशी हमी गूल्ड यांनी दिली नाही, मीही देत नाही. मात्र आपण तिथे नाहीच, असे आज कोणी लिहून देऊ शकत नाही. शिवाय पुस्तकातला आकडा म्हणजे काल उपचार घेतलेल्यांचा हिशेब. आजच्या औषधांचा हिशेब अजून बंद व्हायचा आहे.

औषधांचा इतिहास पाहिला तर हे नीट पटते. माझ्या सलाईनमध्ये जे मूळ औषध जाते ते फाइव्ह-एफयू, अमेरिकेत चार्ल्स हाइडलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये पुढे आणलेले. माझा जन्म १९५८ चा, म्हणजे हे औषध माझ्याहून एका वर्षाने थोरले. पुढची सुमारे चाळीस वर्षे पसरलेल्या आजारावर तेच एक खरे हत्यार होते आणि अशा रुग्णांचा मध्यक वर्षाच्या आसपास घुटमळत होता. नंतर इरिनोटेकन आले, ऑक्झॅलिप्लॅटिन आले. २००४ मध्ये अमेरिकेत बेव्हॅसिझुमॅबला मान्यता मिळाली. हे औषध गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू देत नाही. आज त्याच अवस्थेतल्या रुग्णांचा मध्यक अडीच वर्षांच्या आसपास गेला आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाने बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या गुदाशयातल्या गाठी डोस्टार्लिमॅब या एकाच औषधाने पूर्ण नाहीशा झाल्या होत्या, शस्त्रक्रिया नाही की किरणोपचार नाही. बातमी वाचून मला चार फोन आले. परंतु ते औषध विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गाठींवरच चालते आणि गुदाशयाच्या शंभर रुग्णांत असे पाच-दहाच असतात. माझी गाठ त्यांतली नाही. तरी माझ्यासारख्याने त्या बाराजणांचा हेवा का करावा? रांग पुढे सरकते आहे, एवढे कळले तरी मागे उभे राहणाऱ्याचे पाय दुखायचे थांबतात.

यकृताची शस्त्रक्रिया म्हणजे तर नवलच. निरोगी यकृताचा मोठा भाग कापला तरी उरलेला काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. आजार यकृतापुरता असेल आणि गाठी काढण्याजोग्या असतील, तर अशा निवडक रुग्णांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास पाच वर्षांचा टप्पा गाठतात. आमच्या कोपरगाव बेटात गोदाकाठी शुक्राचार्यांचे मंदिर आहे. संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचाची कथा इथल्या पोराटोरांना पाठ असते. असुरांनी कचाला एकदा नव्हे, तीनदा मारले. तिसऱ्या वेळी तर त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात गेली. प्रत्येक वेळी तो परत आला, कारण देवयानी हटून बसली होती. लहानपणी मला या कथेत संजीवनी मंत्र मोठा वाटे. आता देवयानी मोठी वाटते. मंत्र शुक्राचार्यांकडे होता खरा, पण तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावणारे कोणीतरी घरात असावे लागते.

माझ्या घरात ते काम पत्नी करते. माझ्या पोटावर डाव्या बाजूला शौचाची पिशवी आहे, कायमची. गाठ अगदी खाली असली की ही शस्त्रक्रिया करावी लागते. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी ती १९०८ मध्ये मांडली. पिशवीविषयी कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. कोपरगावाने नळाला आठ आठ दिवस पाणी न आलेले उन्हाळे पाहिले आहेत. अशा गावात पिशवीची स्वच्छता सांभाळणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला ठाऊक. सुरुवातीला मी पंगतीत बसेना, एसटीत चढेना. घरी सत्यनारायण ठरला तेव्हा मी पूजेला बसणार नाही म्हणालो. गुरुजींच्या कानावर ते गेले. ते म्हणाले, "पोट सगळ्यांनाच आहे. बसा तुम्ही." पत्नी तेवढेच म्हणाली, "अहो, धोतर जरा वर नेसा, म्हणजे दिसायचं नाही." मी बसलो. हजारो माणसे पिशवी लावून नोकऱ्या करतात, शेतात राबतात, प्रवास करतात. ज्यांना नुकतीच लागली असेल त्यांनी हे वाचून घ्यावे.

दर पंधरा दिवसांनी नाशिकला जातो. सलाईन संपल्यावर कमरेला एक छोटा पंप बांधून घरी पाठवतात. त्यातून ४६ तास औषध थेंबथेंब जात राहते. त्या दोन दिवसांत मी लिहितो. पहिल्या वर्षीच्या औषधाने बोटांच्या टोकांची संवेदना गेली. शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो आणि ज्या बोटांनी नोटांची बंडले मोजली त्यांना आता दोन नोटा चिकटलेल्या कळत नाहीत. पेन जाड घेतले आहे.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी घरात निक्षून सांगितली : माझ्यापासून काही लपवायचे नाही. आपल्याकडे प्रेमापोटी रुग्णालाच अंधारात ठेवतात. "बाबांना सांगू नका, ते खचतील." बाबा काही खुळे नसतात. त्यांना सगळे कळते आणि वर न कळल्याचे नाटकही करावे लागते. खोट्या धीरापेक्षा खरी माहिती बरी, कारण तिच्यावर काहीतरी ठरवता येते. मृत्युपत्र करता येते, भांडण मिटवता येते, पुस्तक पुरे करता येते.

आणि आशेचा बाजार मांडून बसलेल्यांपासून सावध राहावे. गुप्त औषध, शंभर टक्के हमी, आधीचे सर्व उपचार बंद करण्याची अट आणि पैसे रोख, या चार गोष्टी एकत्र दिसल्या की उठून यावे. ताळेबंद न दाखवता कर्ज मागणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवत असू. विहिरीसाठी म्हणून काढलेली कर्जे प्रत्यक्षात अशा औषधांत बुडालेली मी शाखेत बसून पाहिली आहेत. त्यापेक्षा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेल्वे उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णांना भाड्यात सवलत देते, तिचा अर्ज भरावा. तो हक्क आहे, त्यात लाज कसली?

वेदनेविषयीही थोडे. तिला निमूटपणे सोसण्यात पुण्य नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची सेवा करीत आहे. मात्र वेदना शमवणारे उपचार अखेरीसाठी राखून ठेवायचे नसतात. ते निदानापासूनच बरोबर असावेत. दुखणे आटोक्यात असेल तर माणूस जेवतो, झोपतो आणि उद्याचा विचार करतो. आशेला एवढे अन्नपाणी लागतेच.

सुरुवातीला मला पूर्ण बरे व्हायचे होते. नंतर नातीची दहावी पाहायची होती, ती पाहिली. आता दर तीन महिन्यांच्या स्कॅनपर्यंतचे दिवस माझे, असा हिशेब आहे. कॅश क्रेडिटच्या खात्यासारखे माझे नूतनीकरण होत असते. कधी कधी पहाटे चारला जाग येते आणि छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. तेव्हा कोणतेही तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाही. मी उठून चहा ठेवतो. पत्नीलाही जाग आलेली असते. दोन कप होतात.

मागच्या महिन्यात मुदत ठेवीची पावती संपली म्हणून बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीला मीच कधीकाळी काम शिकवले होते. तिला माझी तब्येत ठाऊक आहे. पावती हातात घेऊन ती जरा अडखळली. "सर, नूतनीकरण करायचं ना? किती मुदतीसाठी... एक वर्ष टाकू?" मी तिला आधी वारसाच्या रकान्यात पत्नीचे नाव बरोबर आहे ना, ते पाहायला सांगितले. ते बरोबर होते. मग म्हणालो, "पाच वर्षं टाक. व्याज चांगलं मिळतं."