गोंगाट ओळखणारे यंत्र
“कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नोकरीत पुण्याच्या गर्दीपुढे आमचा निभाव लागेल का?” हिंगोलीचे विद्यार्थी विचारतात. उत्तरासाठी औंढा नागनाथकडे पाहू. तेथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन्ही भुजा ४ किलोमीटरच्या. अमेरिकेतील अशाच वेधशाळांत लहरींबरोबर क्षणिक गोंगाटही नोंदला जातो. माणसांनी वर्गवारी केलेली त्याची हजारो चित्रे दाखवून संगणकाला गोंगाटाचे प्रकार ओळखायला शिकवतात. मग न दाखवलेल्या चित्रांवर परीक्षा! नुसते पाठांतर केलेले यंत्र येथे फसते. (वर्गातही असे असतातच.) तयार प्रोग्रॅम चालवणारे पुष्कळ मिळतात, यंत्र कोठे आणि का चुकले हे सांगणारे थोडे, आणि मुलाखतीत कस लागतो तो याचाच. त्यासाठी लागणारी संभाव्यता दहावीच्या बीजगणितातच सुरू होते.