कादंबरीतला गुप्तहेर आणि आपली तक्रार



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक आटोपली, हप्ते जमा झाले, चहा झाला आणि एका वहिनींनी पिशवीतून जुनी रहस्यकथा काढली. आमच्या आईच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचला, मग सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी आला. या पुस्तकात एकामागून एक खून होतात, खुनी सापडत नाही, आणि शेवटी हुशार गुप्तहेर सगळे धागे जुळवून त्याला पकडतो. वहिनी म्हणाल्या, "असं खरंच असतं का हो?" त्यावर एक आजी पटकन बोलल्या, "आपल्या कोल्हापुरातच झालं की!"

आजींना आठवलं ते गावित प्रकरण. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात या मायलेकींनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबईकडच्या भागात फिरून लहान मुलं पळवली. १३ मुलांचं अपहरण आणि त्यांतल्या ९ मुलांचा खून, असा आरोप त्यांच्यावर होता. त्यांतले काही खून कोर्टात सिद्ध झाले.

त्यांचा धंदा पाकीटमारीचा, सोनसाखळी चोरण्याचा. देवळात, जत्रेत, बसस्टँडवर कडेवर लेकरू घेतलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही. चोरी करताना पकडल्या गेल्याच, तर मुलाला पुढे करायचं, लोकांचं लक्ष तिकडे वळवायचं. मूल रडायला लागलं, अडचणीचं झालं की त्याला मारून टाकायचं. पहिला बळी कोल्हापुरातलाच, एका भीक मागणाऱ्या बाईचं तान्हं बाळ.

आता प्रश्न पडतो, की सहा वर्षं या सापडल्या कशा नाहीत? कादंबरीतला गुप्तहेर पहिल्या खुनापासून मागावर असतो. इथे बराच काळ मागावर कुणी नव्हतंच. बरीचशी मुलं गरिबांची, फुटपाथवर राहणाऱ्यांची होती. एक मूल एका शहरातून जायचं, दुसरं दुसऱ्याच शहरातून. धागे जुळवायचे म्हटले तरी ते आधी कुठेतरी कागदावर असावे लागतात. ज्या मुलाची नोंदच नाही, त्याचा धागा कुठला गुप्तहेर जुळवणार?

हे थांबलं ते नाशिककडच्या एका आईमुळे. तिची नऊ वर्षांची मुलगी बेपत्ता झाली होती. तिचा नवरा म्हणजे अंजनाबाईचा आधीचा नवरा, त्यामुळे तिला संशय आला. ती गप्प बसली नाही, नाव घेऊन पोलिसांकडे गेली. १९९६ मध्ये मायलेकींना अटक झाली आणि एकेक प्रकरण बाहेर आलं. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मेली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पण दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारने फार वर्षं लावली, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

मैत्रिणींनो, हे सांगताना आम्हाला आमचीच एक चूक आठवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली नाही. आम्ही सगळ्या जमलो, पण "पोलिसात गेलं तर लोक काय म्हणतील" यातच रात्रीचे दहा वाजवले. मुलगी मावशीकडे सुखरूप सापडली. ते चार तास मात्र आम्ही वाया घालवले, ही टोचणी अजून आहे.

म्हणून हे ध्यानात ठेवा. मूल हरवलं तर चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि त्याला पळवून नेलंय असं धरूनच तपास सुरू करायचा. हद्द आमची नाही, असं सांगून पोलीस ठाण्याला परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंद घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर फुकट लागतात.

जोतिबाच्या यात्रेला, नवरात्रात अंबाबाईला जाताना मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मुलांचा अलीकडचा फोटो फोनमध्ये असू द्या. आणि ऊसतोडीच्या टोळीतलं, पालावरचं लेकरू हरवलं, तर त्या आईसोबत गटातल्या दोघींनी तरी ठाण्यात जा. तिच्या एकटीचा आवाज दबतो, तिघींचा दबत नाही.

वहिनींची कादंबरी आता गटात फिरतेय. तुम्हीही वाचा, मजा येते. फक्त आपल्या गावात गुप्तहेराची वाट बघत बसू नका.