मानमोडीच्या लसीचे दोन प्रवास

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे विणकरांच्या मागांसाठी विख्यात आहे. माग अथवा धानाची शेती यांच्या जोडीला परसात पाच-दहा कोंबड्या पाळणे ही या भागातील खेड्यांची जुनी रीत होय. अडीअडचणीला कोंबडी विकून घरखर्च भागतो. परंतु मानमोडी, अर्थात राणीखेत रोग शिरला की हे भांडवल थोड्याच दिवसांत नाहीसे होते.

हा रोग विषाणूंपासून होतो. हिरवट हगवण, धाप लागणे, मान वाकडी होणे व पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे. रोग जडल्यावर औषध नाही. आधी दिलेली लस हाच उपाय.

लसीला दोन प्रवास करावे लागतात. पहिला दवाखान्यापासून परसापर्यंत, दुसरा पक्ष्याच्या शरीरात. तोंडावाटे दिलेल्या लसीचा पुष्कळसा भाग पाचकरसांत वाया जातो. या दुसऱ्या प्रवासासाठी शास्त्रज्ञांनी नवे वाहन शोधले आहे. कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून कायटोसान नावाचा पदार्थ मिळतो. त्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, बनवून त्यांत लस भरतात. असे शेकडो कण ओळीने मांडावे तेव्हा केसाची जाडी भरते. बियाण्याचे टरफल अंकुराला जपते, तसा हा कण लसीला जपतो. नाक व आतडे यांच्या ओलसर अस्तरास चिकटून ती हळूहळू सोडतो आणि अखेर शरीरातच विघटन पावतो. विषाणू नाका-तोंडावाटे शिरत असल्याने पहारा दाराशीच बसतो. २०१२ साली चीनमधील संशोधकांनी राणीखेतच्या लसीवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कोंबड्यांचे उत्तम रक्षण झाले.

ही लस अद्याप गावच्या दवाखान्यात मिळत नाही. तिची वाट पाहून कोंबड्या गमावू नयेत. पिल्ले ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात टाकावा. ६ ते ८ आठवड्यांनी आर-टू-बी लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. गावातील सर्व निरोगी कोंबड्यांना एकाच दिवशी, सकाळी वा सायंकाळी लस द्यावी.

लस २ ते ८ अंश सेल्सियस तपमानात राहिली पाहिजे. विदर्भाच्या उन्हाळ्यात बर्फाविना आणलेली लस निरुपयोगी ठरते आणि शेतकऱ्याचा लसीवरचा विश्वासही उडतो. दुसरा प्रवास शास्त्रज्ञ सुकर करतील. पहिला मात्र बर्फाचा थर्मास वाहणाऱ्या ग्रामकार्यकर्त्याच्याच हाती आहे.