पुढे गेलेला तंबू

लडाखातल्या स्पांगमिकला पोचायला दुपारचे चार वाजले. चांग ला खिंड ओलांडताना गाडीतली निम्मी मंडळी कपाळ धरून बसली होती, त्यामुळे पाँगाँग तलावाचा तो गाजलेला निळा रंग कुणी धड पाहिलाच नाही. सगळे तडक तंबूत शिरले. दुहेरी कॅनव्हास, खाली फळ्यांचा चौथरा, त्यावर गालिचा, पलंग, जाडजूड रजया आणि पडद्याआड कमोड. उंची सुमारे ४,२५० मीटर. दर ऐकून मेहुणा म्हणाला, "एवढ्या पैशात भिंतीसुद्धा नाहीत?"

भिंतींशिवाय महालाचं सुख, ही चैन आपल्याकडे फार जुनी आहे. तिचं शास्त्र बसवलं मोगलांनी. एक बादशाही छावणी हलवायची तर १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागतात, असा हिशेब अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त मांडून ठेवला आहे. हे सगळं सांभाळणारं खातं म्हणजे फर्राशखाना. पुण्याच्या फरासखाना पोलीस ठाण्यावरून रोज जाणाऱ्यांच्या मनातही येत नसेल, पण ते नाव तंबू, कनाती आणि बिछायतींच्या कोठाराचं.

यातली खरी मेख वेगळीच होती. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. त्याला पेशखाना म्हणत. औरंगजेब १६६४च्या डिसेंबरात दिल्लीहून काश्मीरला निघाला, तेव्हा फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्यात होता. एवढा पेशखाना वाहून न्यायला ६०हून जास्त हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल लागतात, असं त्याने लिहिलं. पीर पंजालच्या चढावर मात्र हा थाट कोसळला. जनानखान्याच्या रांगेतला एक हत्ती समोरचा उभा चढ पाहून बिचकला आणि मागे सरला. त्याचा धक्का मागच्याला, त्याचा त्याच्या मागच्याला, असे १५ हत्ती दरीत गेले. बायका बहुतेक बचावल्या, तीन-चार दगावल्या. हत्ती एकही वाचवता आला नाही. दोन दिवसांनी बर्निए त्या जागेवरून गेला, तेव्हा खाली पडलेल्यांपैकी काही अजून सोंड हलवत होते.

आता हत्तींच्या जागी मालट्रक आलेत. पहाटे पाचला मी बाहेर आलो, तर लेहहून आलेले गॅस सिलिंडर, बटाटे आणि अंड्यांचे ट्रे उतरत होते. समोर १३४ किलोमीटर लांबीचा तलाव, पण खारा. त्यामुळे प्यायचं आणि अंघोळीचं पाणी डोंगरातल्या ओढ्यावरून आणावं लागतं. रात्री नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्या रिकाम्या करतात, म्हणून सकाळी दोन पोरं दारोदार गरम पाण्याच्या बादल्या देत फिरत होती. स्वयंपाकघरात नेपाळी आचारी कुकरशी झटत होता. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ६० टक्के, पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. आदल्या रात्री आमच्यातल्या एका काकूंनी वरणाबद्दल तक्रार केली होती. त्या वरणामागे काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

माझ्या मते इथली खरी चैन कॅनव्हासची नव्हे, कमोडच्या साखळीची आहे. लडाखात वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. शेती हिमनद्यांच्या पाण्यावर, आणि पाटाचं पाणी कुणाच्या वावरात कधी सोडायचं ते ठरवायला गावात छुरपोन नेमलेला. घरातला संडास कोरडा. वरून माती-राख लोटायची, आणि वसंतात तेच खत शेतात जायचं. म्हणजे शतकानुशतकं जिथे थेंब वाया गेला नाही, तिथे आम्ही पंधरा जणांनी एका रात्रीत किती पाणी ओतलं, याचा हिशेब मी मनातच सोडून दिला.

परतीच्या वाटेवर एका भटक्या चांगपा कुटुंबाचा रेबो दिसला. याकच्या केसांचा काळा, बुटका तंबू. माथ्यावर धूर जायला फट. केसांची वीण पावसात फुगते आणि आपोआप मिटते, म्हणून वेगळं छत लागत नाही. "जुले" म्हटल्यावर आबी-ले, म्हणजे आजीबाईंनी, आत बोलावून गुरगुर चहा दिला. मधोमध शेणाच्या गोवऱ्यांची चूल, कडेने रचलेल्या पोत्यांची भिंत, आणि बाहेर पश्मिन्याच्या शेळ्या. मेहुण्याने या खेपेला भिंतींचं काही विचारलं नाही. पण अशा रेबोंच्या जागी आता कॅनव्हासचे तंबू वाढताहेत. तेच हलके, तेच चटकन उभे राहणारे, असं आजीबाईंचा नातू म्हणाला.

चांग लाच्या अलीकडे समोरून एक ट्रक आला, तलावाकडे निघालेला. मागे गुंडाळलेलं कॅनव्हास, लोखंडी मेखांची पोती, तणाव्यांची वेटोळी, आणि पेंढ्यात उभे बांधलेले पाच पांढरे कमोड.